मधलं तापमान

शरयू जाताना गॅसचा रेग्युलेटर काढून
खाली पाटसकरांकडे ठेवून गेली.
दोनदा दूध उतू गेलं होतं, आणि तिसऱ्यांदा
पातेल्यात दूध नव्हतंच.
मी काही बोललो नाही. लेकीचं बाळंतपण डब्लिनला,
सहा महिने म्हणजे काही फार नव्हेत.

उरला मायक्रोवेव्ह.
चहा कोमट झाला की आठवायचा, तेवढीच ओळख.

भोसरीला एकतीस वर्षं मी तापमापक तपासले,
लोकांच्या भट्ट्यांचे, शीतगृहांचे.
शिकाऊ पोरांना सांगायचो, कातडीवर जाऊ नका,
पोटात काय चाललंय ते विचारा.
निवृत्तीला शाल-श्रीफळाबरोबर एक सुई मिळाली,
आकडे दाखवणारी.
ती आता काटे-चमच्यांच्या खणात असते.

हे यंत्र कडेने तापवतं आणि मध्ये विसरतं.
म्हणून सुरमईच्या तुकड्या काचेच्या ताटलीत,
जाड बाजू बाहेर, निमुळती आत,
हळद, मीठ, आगळ, वर झाकण, झाकणाला फट.
दोन मिनिटं. थांबायचं. फिरवायचं. पुन्हा एक.
काट्याने उचकलं की पापुद्रे सुटले पाहिजेत,
आत काचेसारखं काही दिसलं तर जेवायला वेळ आहे.
कोळंबीला एवढी वाट बघवत नाही,
रंग बदलून वळली की दार उघडायचं,
नाहीतर चप्पल चावा.

सोनेरी कडेची बशी एकदा आत गेली, लग्नातली.
ठिणग्या उडाल्या. शरयूला अजून सांगितलेलं नाही.

अंडं कवचासकट कधीच नाही.
हे पाटसकरांच्या शौनकने शिकवलं,
त्यांच्या छताला अजून पिवळं आहे.
वाटीत फोडून, बलकाला टाचणीने दोन भोकं, झाकण.
फरसबीला दोन चमचे पाणी पुरतं.
वांग्याला मात्र टोचे हवेतच,
न टोचलेलं वांगं सगळं मनात ठेवतं
आणि मग एकदम बोलतं.

सगळं वहीत. वजन, मिनिटं, मधलं तापमान.
सुरमई त्रेसष्ट.
कोंबडी चौऱ्याहत्तर, तीन ठिकाणी टोचून, हाडापाशीसुद्धा.
तारीख लिहायला कॅलेंडर बघावं लागतं,
हे वहीत नाही.

आज गुरुवार आहे हे लक्षात नव्हतं.
कोंबडी रात्रभर फ्रीजच्या तळाशी, थाळीत ठेवून वितळवलेली,
मांड्या कडेला मांडल्या,
सहाव्या मिनिटाला वीज गेली.
गुरुवारी जाते, सहकारनगरातल्या कुत्र्यांनाही ठाऊक आहे.
सुई घातली. कडेला एकोणऐंशी, हाडापाशी सेहेचाळीस.
वास असा की पाटसकरबाई जिन्यातून म्हणाल्या,
"गुरुवारी कोंबडी, टिपणीस? मग दिवे जाणारच."

कच्चं निदान कच्चं असतं. हे अर्धवट.
चार वाजता वीज आली. सुई म्हणाली, एकतीस.
पुन्हा लावलं असतं तर चौऱ्याहत्तर गाठलंही असतं,
आकडा स्वच्छ दिसला असता,
पण मधले तीन तास कुठल्या रकान्यात लिहायचे?
पिशवीला गाठ मारली आणि कचऱ्यात.
बोका दारात बसून होता, त्यालाही दिलं नाही.
हात कोपरापर्यंत धुतले, मग ओटा, मग पुन्हा हात.

रात्री शरयूचा फोन. "काय जेवलात?"
"अंडं."
"टोचलं होतंत ना?"
"टोचलं."
"आणि लगेच झाकण नाही ना काढलं?"
दोन मिनिटं तसंच ठेवलं होतं.
बंद झाल्यावरही आतल्या आत शिजत राहतं,
हे तिने मला सांगितलं होतं की मी तिला, कोण जाणे.

फोन ठेवून वही उघडली.
आजच्या तारखेपुढे: अंडं एक, अर्ध्या शक्तीवर एक मिनिट, थांबणे दोन.
खाली पुन्हा तेच. तेच अक्षर, तीच शाई.

फ्रीज उघडून
अंडी मोजायला लागलो.