दिसलेले प्राणी

पहाटे साडेपाचला मी फाटक उघडतो.
दिव्याखाली रात्रभर मेलेले पतंग
आधी झाडून काढायचे, मग वही.
जीपचा नंबर. चालक. वाटाड्या. माणसं किती.
आत गेल्याची वेळ, बाहेर आल्याची वेळ.
शेवटचा रकाना: दिसलेले प्राणी.

अकरा वर्षं भरतोय हा रकाना.
मी मूळचा वरचा, जुम्ल्याकडचा,
साल कुठला नि शिसव कुठला
हेही इथं तराईत येऊन शिकलो.
परतणाऱ्यांचे चेहरे मात्र लगेच वाचता येतात:
वाघ दिसलेले हळू बोलतात,
न दिसलेले मोठ्यानं हसतात
आणि मला मोराचे फोटो दाखवतात.
एकदा एका डच बाईनं
'काहीच नाही' असं लिहायला लावलं.
मी लिहिलं. त्याखाली ठग्गू चालकानं
गिचमिड अक्षरात घातलं:
चितळ चाळीस, नीलगाय दोन,
मगर एक, तोंड उघडून.
त्याला राग आला होता.

माघातली सकाळ. धुकं असं
की फाटकाचा आडवा बांबू अर्ध्यातच संपायचा.
त्यातून एक म्हातारी आली, चालत.
पिंढरीवर गोंदलेला मोर,
कातडी सैल पडल्यावर
खाली बसल्यासारखा दिसणारा.
कनवटीची गाठ दातानं सोडवत म्हणाली,
"एक तिकीट."

मी फलक दाखवला.
विदेशी, सार्क, नेपाळी. तीन दर.
तिनं तो माझ्याकडून दोनदा वाचून घेतला.
मग विचारलं,
"आतल्या माणसाला किती?"

म्हटलं, आत कोणी राहत नाही, आजी.
"राहत होतं," ती म्हणाली,
बाजाराचा वार सांगावा तशी.

नेपाळी दर लावला. नाव: मंगरी थारू.
एका फ्रेंच जोडप्याच्या जीपमध्ये मागची जागा होती.
त्यांनी तिला दुर्बीण देऊ केली.
तिनं उलटी धरली, पाहिलं, परत केली.
हे तर आणखीच लांब नेतंय, म्हणाली.

पुढचं ठग्गूनं सांगितलेलं.
तिसऱ्या वळणापुढं गवताचं मैदान लागतं,
तिथं गेंडा उभा होता. कॅमेरे निघाले.
ती दांडा धरून उठली.
"आमचा बांध आहे तो."
गेंड्यानं कान हलवला, चरत राहिला.

उतरायचं नाही असा नियम. ती उतरली नाही.
नुसतं बोट फिरत गेलं गवतावरून:
इथं चूल. इथं धान्याच्या डेहऱ्या, मातीच्या,
माझ्या हातच्या दोन.
ती सावर शेजाऱ्याची, तिच्यावरून भांडण होतं.
आणि आंबा.
आंबा होता. मोहोरला होता.
बुंध्यावर नखांचे ओरखडे, पुरुषभर उंचीवर,
चीक अजून ओला.
वाटाड्यानं ओठांवर बोट ठेवलं.
फ्रेंच माणसानं बायकोचा हात धरला.
सगळं रान कान देऊन बसलेलं,
आणि मंगरी मोठ्यानं म्हणाली,
"आंबट निघतात म्हणावं याच्या कैऱ्या!"

दहाला परतले. वाघ दिसला नव्हता,
तरी हळू बोलत होते.
ठग्गू म्हणाला, लिही: गेंडा एक, वाघाच्या खुणा.
मी तिच्याकडं पाहिलं.
ती तिकिटाची बारीक घडी घालत होती.
"माझा आंबा लिही."
रकाना प्राण्यांचा. वरून तपासणी होते.
लिहिलं: आंबा एक, मोहोरासकट.

वैशाखात ती पुन्हा आली, पिशवी घेऊन.
मी सांगितलं, जंगलातून पानही बाहेर नेता येत नाही.
"ठाऊक आहे," म्हणाली,
आणि पिशवी माझ्याच खिळ्याला अडकवून गेली.
त्यात मिठाची पुडी होती, अर्धी उघडलेली.

दुपारी जीप आली.
ठग्गूला विचारलं, काय काय दिसलं?
तो बोलेना.
गालावर हात धरून नुसता हसत होता,
दात आंबलेल्या माणसासारखा.