दोनशेवा टाका

वाह नदीच्या काठी, स्लोव्हाकियात, एका शेडमध्ये
इमारतींत हवा खेळवायचे चौकोनी नळ बनतात.
जस्त चढवलेला पत्रा, अंगावर गोठल्या काचेची नक्षी.
वरून तांबं, खालून तांबं,
मधे दोन पत्रे.
दाब. करंट. क्षणभर थांब. सोड.

आज सोडतच नव्हतं.
ओस्ताप पत्रा ओढायचा
आणि टोक त्याला धरून बसायचं,
शाळेच्या दारात पोर बसतं तसं.

फोरमन म्हणाला, करंट उतरव.
उतरवला. टाके उकलले,
पहाटेच्या पाळीचे चौदा नळ भंगारात.
मग म्हणाला, चढव.
चढवला. ठिणग्या बाहीपर्यंत,
टोक आणखीच घट्ट.

द्राहोमीरा आली.
एकतीस वर्षं उजवा पाय याच पेडलवर,
शुक्रवारी शेवटचा दिवस.
डायलकडे तिनं पाहिलंच नाही.
टोक काढून खिडकीशी नेलं:
तांबूस नाही, पिवळं.
जस्त आधी वितळतं, म्हणाली,
तांब्यात शिरतं, आणि हे बघ
पितळ उघडं पडलं.

मग परतीच्या पाण्याच्या नळीवर हात ठेवला,
तापलेल्या कपाळावर ठेवतात तसा.
गार.
गार म्हणजे वाईट.
ऊब न्यायला आलेलं पाणी
रिकाम्या हातानं परत चाललं होतं.

आतली बारीक नळी निघाली बोटभर आखूड.
कुणी कापली, केव्हा, कुणास ठाऊक.
तिनं नवी कापली, बोरूसारखी तिरकी,
तळाशी पोचेल पण पाणी अडवणार नाही अशी.
कानशीनं पिवळेपणा उतरवला, थोडाच.
जास्त घासलंस तर टोक संपतं,
घासलंच नाहीस तर पसरतं
कुत्र्याच्या छत्रीसारखं.
दाब वाढव. आता करंट,
भरपूर, पण झटकन.
जस्ताला विचार करायला वेळ देऊ नकोस.

पत्रा इतका सहज सुटला
की ओस्ताप दोन पावलं मागे धडपडला.
ती हसली नाही. मोजत होती.
दर दोनशे टाक्यांनी कानस.

शुक्रवारी केक आला,
फोरमननं भाषणात तिचं आडनाव चुकवलं.

सोमवारी ओस्ताप मोजतो
आपल्या भाषेत, ओठांतल्या ओठांत.
एकशे अठ्ठ्याण्णव.
एकशे नव्व्याण्णव.
कानस खिळ्याला लटकलेली,
मुठीवरची निळी चिंधी
अजून तिच्याच हाताच्या मापाची.