मधला पंप

डॉनर खिंडीच्या चढावर
काटा पंधरावरून चारावर आला.
मागे ट्रेलरवर शहाण्णव पेट्या मधमाश्या,
पलीकडे बदामाच्या बागा, कळ्या तडकायला आलेल्या.
ट्रक वळवला. खाली रीनो.

म्हाताऱ्या इरिगारेनं काउंटरवर तीन पंप मांडले,
तिघंही आपलेच भाचे असल्यागत.
हा टाकीत बसतो, स्वस्त, आवाज म्हणून नाही.
हा तासाला दीडशे गॅलन ढकलतो,
हवा काढतो, पाणी गाळतो,
किंमत माझ्या अख्ख्या महिन्याच्या मधाची.
आणि हा मधला, चॅसीला बाहेरून टांगायचा,
"कटकट्या आहे. रात्रभर गुणगुणेल."

विचारलं, शांतवाला मरतो कसा?
"शांतपणेच," म्हणाला,
"आणि त्याच्यामागं उपाशी इंजेक्शन पंप.
डिझेल हेच त्याचं वंगण, बाबा.
कोरडा फिरला की स्वतःलाच खातो."

वडिलांचा ट्रक असाच गेला होता,
विनेमुक्काजवळ, कुणाला काही न सांगता.
वडिलांबद्दल नंतर कधी.

मधला घेतला.
पार्किंगमध्ये उताणा,
पाठीखाली बर्फाचा चिखल,
कोपरापर्यंत डिझेल,
तीन बोल्ट बसले, चौथा गटारात.
मग इरिगारेनंच खिशातून एक काढून दिला,
गंजका, पण आट्यांत बसणारा.

आता गुणगुण दोन ठिकाणी:
मागे जाळीखाली, थंडीनं गोळा झालेली,
आणि पायांखाली, किंचित खरखरीत.
काटा बारावर.
चढभर रेडिओ लावला नाही.
दोन्हींतली कुठलीही थांबली
तर कळायला हवं.