नेहमीच्या पुढे

एप्रिलात विद्यापीठातून एक मुलगी आली
चौतीस प्रश्नांचे कागद घेऊन.
सराव संपल्यावर पोरं बांधावर बसली,
घामाचे थेंब शाईवर.
‘मोठ्या सामन्याआधी माझे हात कापतात.’
कधीच नाही. क्वचित. नेहमी.

वैकुंठने चौतीसही खुणा एका रेषेत ओढल्या
भिंतीला चुना मारावा तशा: कधीच नाही.
जोविटोने विचारलं, ‘नेहमीच्या पुढे काही नाही?’
ती हसली नाही. लिहून घेतलं.

मला कागद दिला नाही कुणी.
मी पाण्याच्या बाटल्या सांभाळतो.
जोविटोला मात्र एवढासा असल्यापासून बघतोय:
प्रत्येक सामन्याआधी माडामागे जाऊन ओकतो,
चूळ भरतो,
डाव्या बुटाची नाडी सोडतो, बांधतो, परत सोडतो,
आणि म्हणतो, ‘आला रे काका, आला तो.’
कोण, ते मी विचारलं नाही कधी.
बाटली पुढे करतो.

असोळण्याच्या फेस्ताचा शेवटचा सामना.
बरोबरी. पेनल्टी.
साळ नदीवरचा उजेड विझत आलेला.
वैकुंठने चेंडू ठेवला, चार पावलं मागे आला
आणि इगर्जीची घंटा वाजली.

आंजेलुस.
पंचाने तोंडातली शिट्टी काढली.
चणेवाली थांबली, स्कूटरवरची पोरं उतरली,
अख्खं मैदान उभं, नुसते ओठ हलताहेत,
गोलरक्षकाने हातमोजेसुद्धा काढलेले.
वैकुंठला ती प्रार्थना येत नव्हती.
करण्यासारखं काहीच नव्हतं त्याला
तेवढा वेळ.
लांबून दिसलं मला, त्याने स्वतःच्या हाताकडे पाहिलं,
रात्री दार उघडावं
आणि ओळख नसलेला माणूस उभा असावा, तसं.

चेंडू माडांवरून गेला.
नदीत पडल्याचा आवाजही आला.

जोविटो शेवटचा.
नाडी सोडली, बांधली, सोडली.
ओठ त्याचेही हलत होते, पण घंटा तर कधीच थांबलेली.
घरच्या कुणाला सांगावं तसं काहीतरी:
बस तू इथे, मी आलोच.
फटका देखणा नव्हता. खांबाला घासून आत गेला.

लोक मैदानात धावले, तो माडामागे.

वैकुंठ चुन्याच्या रेषेवर बसून होता.
बाटली दिली, तर झाकण उघडेना त्याला.
‘काका, हे काय होतंय मला?’
मी पाणी देणारा माणूस. काय सांगणार.

तोंड पुसत जोविटो आला, शेजारी टेकला,
झाकण काढायला गेला. त्यालाही जमेना.
‘माझा बघ,’ म्हणाला,
‘अजून.’