ब्रिक्स शून्य

कारखान्याच्या लॅबमध्ये माझं काम एवढंच :
रसाचा थेंब काचेवर ठेवायचा, झाकण मिटायचं,
उजेडाकडं तोंड करून आकडा वाचायचा.
अठरा. साडेअठरा. उशिरा तुटलेल्या उसाला एकवीससुद्धा.
बावीस गळीत हंगाम झाले.
साखर मी चाखत नाही, वाचते.

एकदा रात्रपाळीत, गव्हाण बंद पडलेली,
मी माझ्या चंदेरी कॅनमधलाच थेंब ठेवला काचेवर.
शून्य. किंवा शून्याला चिकटून.
निलांबरी मगदूम म्हणाली, "म्हंजे बाई, पाणीच पितीस तू, वीस पट पैशांत."
जीभ म्हणत होती गोड आहे,
यंत्र म्हणत होतं काही नाही.
त्या रात्री मी जिभेचं ऐकलं.

मला शुगर निघाली तेव्हा
सगळा कारखाना हसला होता,
केन यार्डातला मुकादमसुद्धा : घरचंच पीक की ओ!
मीही हसले.
मग शिकलगारांच्या फ्रीजमधला एक कॅन,
मग दुपारचा एक, संध्याकाळचा एक,
आणि चहात दोन गोळ्या, टिकलीएवढ्या,
डबीचं डोकं दाबलं की टक्‌ टक्‌ पडणाऱ्या.
दिवाळीत मी करंज्या तळल्या, खाल्ल्या नाहीत.
फार शहाणी म्हणून माझं नाव झालं.

डाव्या बाजूला, काखेकडं.
भिजवलेल्या हरभऱ्याएवढी.
साबण हातात तसाच राहिला.

पदराची गाठ, दाव्याची गाठ, पोत्याच्या सुतळीची
सोडवत आलेय जन्मभर, नखानं नाहीतर दातानं.

रात्री लॅबमधलं भिंग घरी आणलं.
कॅनच्या पाठीवरची बारीक अक्षरं वाचली,
आमच्या एकाही रजिस्टरात नसलेली नावं.
वन्सं म्हणाल्या, "त्या गोळ्यांनीच हुतंय, सगळी म्हणत्यात."
डॉक्टर कोरे म्हणाले, "होतंच, असं छातीवर हात ठेवून
कुणी सांगत नाही. होतच नाही, असंही नाही सांगत.
तुम्ही आधी तपासून घ्या."
छातीवर हात ठेवून, म्हणाले.
त्यांच्या लक्षात आलं नाही.

मी लॅबवाली आहे, मला कळतं :
"सापडलं नाही" आणि "नाही"
हे दोन वेगळे रकाने असतात.

पण आई?
ती गुऱ्हाळावर वाढली, काकवी-भाकरीवर.
गुळाचा चहा, बशीतून, आवाज करत.
असला कॅन तिनं हातात धरला नाही कधी.
सहा महिने पदराखाली झाकून
सांगलीच्या पेठेतली हळद उगाळून लावत होती,
आणि आम्ही म्हणायचो, आईच्या अंगाला कसा छान वास येतो.
तिनं काय प्यायलं होतं?
हे मी कोरेंना विचारलं नाही.
वन्संना तर नाहीच.

मिरजेत, तिसऱ्या मजल्यावर, एसी फार.
नाकात चमकी घातलेली पोरगी म्हणाली,
"मावशी, थोडं पुढं. खांदा सैल. दुखेल जरा."
आणि काच खाली आली.
आमच्यासारखीच काच.
थेंबाच्या जागी मी.
झाकण मिटलं. "श्वास धरा."
ती उजेडाकडं तोंड करून
काहीतरी वाचत होती,
मला न दाखवता.
बावीस वर्षं मी तरी कुठं उसाला विचारलं होतं.

रिपोर्ट गुरुवारी.
स्टँडवर पाण्याची बाटली घेतली.
पहिल्या घोटाला चुकल्यासारखं झालं,
कुणीतरी बोलता बोलता उठून गेल्यागत.

घरी फ्रीजच्या दारात अजून चार कॅन आहेत.
फेकले नाहीत. प्यायलेही नाहीत.
दार उघडलं की दिवा लागतो,
मी मोजते.
चारच आहेत.
आज मंगळवार.