शून्याची चूक

तुर्भ्याच्या कारखान्यात सव्वीस वर्षं
मी प्रेशर गेजचे काटे शून्यावर आणायचे.
टेबलावर पिवळा दिवा, हातात चिमटा,
समोर दिवसाला चाळीस तरी तबकड्या,
ज्यांना वाटायचं, आपण अजून बरोबर दाखवतो आहोत.

काटा सरकतोच.
स्प्रिंग थकते, पितळ आपली सवय बदलतं.
डिमेलो साहेब म्हणायचे, बाई,
सरकला म्हणून गेज फेकत नाहीत,
किती सरकला ते कळलं की झालं.
मग आम्ही कार्डावर लिहायचो :
दाखवतं सात, धरा साडेसहा.
खाली सही, आणि पुढच्या तपासणीची तारीख.

आता एकाहत्तरावं चालू आहे.
नेरूळच्या दवाखान्यात फिजिओची पोरगी,
माझ्या नातीहून जेमतेम मोठी,
म्हणाली, आजी, एका पायावर उभ्या राहा, मी मोजते.
नऊ सेकंद.
तिने वहीत लिहिलं, चेहरा हलू न देता.
तो चेहरा मला ठाऊक होता.
सव्वीस वर्षं मीच तो वापरला आहे.

त्या रात्री घराला एकदम जास्त कडा फुटल्या.
मोरीचा उंबरा. पायपुसणं. अंधारातली एकच चप्पल.
मुलगा फोनवर म्हणाला, आई, एकटीने जिना उतरू नकोस.
लिफ्ट बंद असली की उडत जाऊ का,
हे मी बोलले नाही.

ठकूबाई करावे गावची. अठ्ठ्याहत्तर, तिच्या हिशेबाने.
डोईवर मासळीची पाटी घेऊन
मिठागराच्या वीतभर बांधावरून जन्म काढलेली.
चाणक्यच्या मागे, खाजणाशी, आम्ही सकाळी भेटतो.
म्हटलं, एका पायावर उभी राहून दाखव.
तिने लुगडं जरा खोचलं, डावा पाय मुडपला
आणि बोलत राहिली,
सुनेबद्दल, कोलंबीच्या भावाबद्दल,
सिडकोकडून कधीच न आलेल्या भूखंडाबद्दल.
मी मोजणं सोडून दिलं.
मागे चिखलात रोहित पक्षी, शेकड्यांनी,
तेही एकेका पायावर,
कुणी विचारलेलं नसताना.

"आकडं नको मोजू गो," ती म्हणाली,
"लांब कायतरी धर, त्याच्याकरं बघ."

मी पाम बीचपलीकडचा एक विजेचा खांब धरला, डोळ्यांनी.

तेव्हापासून दूध तापेस्तोवर ओट्याशी उभी राहते,
एक बोट कडप्प्याला टेकवून. उजवा पाय. मग डावा.
दूध दोनदा उतू गेलं.
बोट सुटलं तो गुरुवार होता,
समोरच्या वैजयंतीबाईंना सांगावंसं वाटलं,
पण त्यांच्याकडे पाहुणे होते.

फ्रीजवर एक कार्ड लावलंय, जुन्या अक्षरात :
डावा कान – दारावरच्या बेलसाठी धरू नये.
गुडघे – अर्धा तास उशिरा सुरू.
नावं – येतात, मागच्या दाराने.
रडू – काटा लवकर चढतो, थोडं वजा करा.
राग – हे गेज अजून नवंच आहे, का कोण जाणे.

महिन्याने परत गेले. तेरा.
पोरगी म्हणाली, वा आजी, पंधराच धरू या.
म्हटलं, नाही. तेराच लिही.
तारखेच्या रकान्यात तिने काय लिहिलं, पाहिलं नाही,
मी दाराशी चपला घालत होते,
उभ्याने, भिंत न धरता.