नग एक

दातांचे डॉक्टर मगदूम
राजारामपुरीतला दवाखाना दुपारचा बंद करून
उद्यमनगरात माझ्या लेथवर आले.
जेवणाच्या डब्यातनं त्यांनी रिव्हॉल्व्हर काढलं.
पोरं पांगली. मी मशीन बंद केलं.

"भिऊ नको दस्तगीर, याला पचेल अशी गोळी
आता जगात कुणी करत नाही."

बेल्जियमचं, म्हणाले, दीडशे वर्षांचं.
घोडा मोराच्या मानेसारखा,
मुठीचं अक्रोडी लाकूड घामानं काळं पडलेलं.
कुणाच्या घामानं, ते त्यांना ठाऊक नव्हतं,
आणि त्यापायीच त्यांची झोप उडालेली.
सहा भोकांचं चक्र उजेडाला धरून
त्यांनी आत बघितलं,
जसं माझ्या आईच्या तोंडात बघतात.
"पाच ठीक. सहाव्यात कीड."
पेशंट नसले की
दात खरवडायच्या हत्यारानं त्यांनी
तीन महिने गंज काढला होता.

स्क्रू एक गेलेला.
पाव इंचाचा.
आटे असे, की माझ्या गेजची एकही पाती बसेना.
"उडवायचं न्हाई, मग स्क्रू कशाला वो?"
"पडलेला दात जिभेला कळतो," म्हणाले.

मी अकरा केले. दहा भंगारात.
आजा माझा गंगावेशीत तलवारी घासायचा.
दसऱ्याआधी आठ दिवस
घरात भाकरीलासुद्धा लोखंडाचा वास.
किती घासू, ते पात्याला विचार, म्हणायचा.
मी कधी विचारलं नव्हतं.
आम्हाला कंपनीचा ड्रॉइंग कागद येतो, त्यावर माप असतं.

अकरावा बसला.
बसताना आवाज आला नाही.
पैसे घेतले नाहीत. आईची कवळी अर्ध्यात झाली.

मग पुण्याचा एक जाणकार आला.
भिंग डोळ्यात खोचून तासभर वाकला,
तांबडा रस्सा नको म्हणाला,
आणि लिहून दिलं: सर्व भाग मूळचे.
मी तिथंच होतो, कोपऱ्यातल्या स्टुलावर.
डॉक्टर माझ्याकडं बघेनात.

रात्री दहाला शटर वाजलं.
बगलेत वही. एकेका हत्याराला एकेक पान,
कुणाकडनं घेतलं, कितीला, काय मोडलेलं.
"नाव घाल तुझं. तारीख घाल.
उद्या कुणीतरी फसेल."

"फसू द्या की," मी म्हणालो.
खोटं कशाला बोलू,
मला ते फसणं गोड लागलं होतं.
आठ महिन्यांचं माझं पोर
म्हाताऱ्यांच्या पंगतीत बसून जेवलं,
आणि कुणी उठवलं नाही.
पण ते पेन धरून उभेच.
बनियनवर, पायात दोन वेगळ्या चपला.
घातलं नाव.

पुढं निवडणूक लागली. परवान्याची हत्यारं जमा करा, नोटीस आली.
डॉक्टर डबा आणि वही घेऊन ठाण्यात गेले.
हवालदारानं वहीवरनं शब्द न् शब्द उतरवला:
रिव्हॉल्व्हर जुने, नग एक.
स्क्रू, दस्तगीर शिकलगार, उद्यमनगर, नग एक.

"दुसरा नग कुठाय?" साहेबानं विचारलं म्हणे.
डॉक्टरांनी बोट ठेवलं.
साहेब वाकले, हवालदार वाकला,
रांगेतले दोघे बारा बोअरवालेसुद्धा वाकले.
बराच वेळ
कुणालाच दिसेना.